पार्श्वभूमी : कळांची ड्रिप आणि मोकळे तळपाय

कळा आणण्यासाठी दाखल केलेल्या बाईच्या खाटेपाशी जरा वेळ उभं राहिलं, की रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळपायांवरचे ठरावीक बिंदू दाबून शरीराच्या इतर भागांवर परिणाम साधण्याची पद्धत, तिथवर कशी पोचली याचा अर्धा उलगडा होतो. एका हाताला सुई, शेजारी पंप, पोटावर दोन पट्टे: एक बाळाच्या ठोक्यांचा, दुसरा कळांचा. बाई कुशीवर वळली की ठोक्यांचा पट्टा सरकतो, कागदावरची रेघ तुटते आणि सिस्टर येऊन जेली लावून तो पुन्हा बसवते. कंबर चोळायला जावं तर पट्टे आड येतात. फेऱ्या मारायच्या तर वायर पुरत नाही. मोकळे उरतात ते पाय.

त्या मोकळ्या पायांना ड्रिप चालू असताना हात लावायचा की नाही, हा वाद गेली दोन-तीन दशकं, मुख्यतः ब्रिटनमधल्या सुईणींमध्ये, चालू आहे. वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण रिफ्लेक्सॉलॉजी नक्की काय करते हा सगळा पेच त्यात अडकलेला आहे.

मूळ अमेरिकेतलं. हार्टफर्डच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरानं शरीराचे उभे दहा पट्टे कल्पून १९१७ साली पुस्तक काढलं. त्यात बाळंतपणाच्या कळांवर हातात कंगवे घट्ट धरण्याचा उपाय होता. कंगव्याचा तो सल्ला आजही फिरतो, फक्त तो कुठून आला हे सांगणाऱ्यांना ठाऊक नसतं. १९३०च्या दशकात एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते पट्टे तळपायांवर उतरवून सगळ्या शरीराचा नकाशा मांडला. १९६०च्या दशकात ही विद्या ब्रिटनमध्ये आली. तोवर तिचा प्रसूतिगृहाशी फारसा संबंध नव्हता.

प्रसूतिगृहात त्याच सुमारास वेगळंच चाललं होतं. ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा आणणारं संप्रेरक, ड्रिपमधून देतात ते, १९५३ साली प्रयोगशाळेत तयार झालं आणि मोजून देता येईल असं औषध हाताशी आलं. १९६८च्या आसपास प्रोस्टाग्लँडिन या कळा आणणाऱ्या दुसऱ्या द्रव्यानं कळा आणण्याचे पहिले प्रयोग युगांडात झाले. पंप आले, थेंबांचा हिशेब बसला. १९७४ पर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये जवळजवळ चाळीस टक्के बाळंतपणं अशी 'आणलेली' होती. डॉक्टर ड्यूटीवर असताना, दिवसाउजेडी बाळंत व्हायचं, असा तो काळ. त्यावर बायकांनी आवाज उठवला आणि टक्का खाली आला. पुढं १९९३ च्या एका सरकारी अहवालानं बाळंतिणीच्या निवडीला मान दिला. या दारातून मालिश, सुगंधी तेलं आणि रिफ्लेक्सॉलॉजी आत आली, ती बहुतांशी सुईणींच्या हातून. सुट्टीत स्वतःच्या पैशानं कोर्स करून आलेल्या सुईणी त्यात होत्या, हे विसरून चालणार नाही.

सन २००० मध्ये तिथल्या संसदेच्या एका समितीनं पूरक उपचारांची प्रतवारी लावली. अॅक्युपंक्चर पहिल्या गटात, म्हणजे स्वतःची निदानपद्धती असलेल्यांत गेलं. रिफ्लेक्सॉलॉजी दुसऱ्या गटात, म्हणजे निदानाचा दावा न करता मुख्य उपचाराला जोड देणाऱ्यांत. कागदावर ती आराम देणारी ठरली. सुईणींच्या वह्यांत मात्र वेगळंच लिहिलेलं होतं. आतल्या घोट्याच्या आणि टाचेच्या मधल्या खळग्यात गर्भाशयाचा बिंदू, पायाच्या अंगठ्याच्या पेराच्या मध्यभागी पिट्युटरीचा, म्हणजे मेंदूखालच्या संप्रेरकग्रंथीचा, आणि हे दाबले की कळा वाढतात.

मग ती अट आली. अनेक ठिकाणच्या सूचनांत ती थोड्याफार फरकानं सापडते: ऑक्सिटोसिन चालू असताना किंवा प्रोस्टाग्लँडिन आत असताना कळांचे बिंदू दाबू नयेत. कारण वरकरणी बिनतोड आहे. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या तर दोन कळांच्या मधे वारेला रक्त पुरेसं पोचत नाही आणि बाळाचे ठोके घसरू लागतात. ऑक्सिटोसिन मिनिटाला एक-दोन मिलियुनिटनं सुरू करतात, अर्ध्या तासाच्या आत वाढवत नाहीत, आणि गडबड दिसली की पंप बंद करतात. काही मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. अंगठ्याचा जोर कुठल्या युनिटमध्ये मोजणार, आणि तो ओसरला हे कशावरून ठरवणार?

पण हीच अट उलटून पाहा. पाय दाबून खरोखर कळा वाढत असतील, तर ते औषध झालं. मग मात्रा, नोंद, जबाबदारी सगळं आलं. वाढत नसतील, तर मनाईला आधार नाही, आणि खाटेला जखडलेल्या बाईचं एकमेव सुख आपण काढून घेतो. व्यवसायानं बराच काळ दोन डगरींवर पाय ठेवले: परवानगी मागताना 'हा तर नुसता आराम', शिकवताना 'यानं कळा येतात'. अट घालणाऱ्यांना मी वेडं ठरवणार नाही. कळा बेसुमार झाल्या, तर चौकशीत पहिला प्रश्न सुईणीला विचारला जातो, हे ज्यानं वॉर्ड पाहिलाय त्याला सांगावं लागत नाही. तरी अट सावधगिरीतून आली, पुराव्यातून नाही, हे म्हणायला हवं.

तडजोड निघाली ती अशी: कळांचे बिंदू टाळायचे, बाकी पाय हलक्या हातानं चोळायचा, तळव्याच्या मधल्या बिंदूवर नुसता अंगठा टेकवून श्वास मोजायचा. ही तडजोड कागदावरच शोभते. कुणाची टाच तळहातात धरून पाहा, अंगठा आपसूक आतल्या घोट्याखालच्या त्याच खळग्यात जाऊन बसतो.

नावांचा गुंता वेगळाच. त्याच घोट्याच्या वर चार बोटांवर चिनी पद्धतीचा 'प्लीहा ६' हा बिंदू आहे आणि कळांसाठी त्याचाही बोलबाला आहे. एक बिंदू अॅक्युप्रेशरचा, दुसरा रिफ्लेक्सॉलॉजीचा. अंतर वीतभरही नाही, शास्त्रं मात्र दोन. आपल्याकडं तर दोन्हीला सरसकट 'अॅक्युप्रेशर' म्हणतात. जत्रेत लाकडी रोलरबरोबर मिळणाऱ्या तक्त्यातही हे एकत्रच असतं. काशाच्या वाटीनं तळपाय घासणं तिसरंच, त्यात बिंदूही नाहीत आणि कळांचा दावाही नाही. परिणामी एका पद्धतीवरचा निष्कर्ष सर्रास दुसरीच्या नावावर खपतो.

रिफ्लेक्सॉलॉजीवरच्या चाचण्यांचा मोठा वाटा इराणमधून आला. तिथल्या विद्यापीठांत सुईणशास्त्र पदव्युत्तर पातळीवर शिकवलं जातं आणि प्रबंधासाठी हा विषय हाताशी येणारा आहे. तेहरानमधल्या २०११ साली छापून आलेल्या एका चाचणीत पहिलटकरणी १२० होत्या, गट तीन: रिफ्लेक्सॉलॉजी, नुसता भावनिक आधार आणि नेहमीची देखभाल. पिशवीचं तोंड चार-पाच सेंटिमीटर उघडल्यावर चाळीस मिनिटं पाय दाबले. वेदना कमी नोंदल्या गेल्या, बाळंतपणाचा वेळही कमी भरला. आधाराचा गट वेगळा ठेवला हे त्यातलं शहाणपण, कारण चाळीस मिनिटं कुणीतरी फक्त आपल्यापाशी बसलंय याचाही गुण येतो. पण आपले पाय दाबले जाताहेत हे बाईपासून लपवता येत नाही, त्यामुळं अशी चाचणी कधीच पुरती आंधळी होत नाही.

आणि अशा बहुतेक चाचण्यांत आपोआप कळा सुरू झालेल्या बायकाच घेतलेल्या असतात. ड्रिप असली की कळा कशानं वाढल्या ते सांगता येत नाही, म्हणून तिला वगळायचं. वॉर्डात सुरक्षेपायी वगळलेली बाई अभ्यासात हिशेबापायी वगळली गेली. ड्रिपवालीला रिफ्लेक्सॉलॉजीचं जे काही सांगितलं जातं, ते बहुतेक दुसरीच्या बाळंतपणावरून उसनं आणलेलं असतं.

कळा आणल्या जाणाऱ्या बायकांची संख्या मात्र वाढतेच आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या सहा हजारांवर पहिलटकरणींच्या चाचणीत ३९व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझेरियन १८.६ टक्के निघालं, वाट पाहणाऱ्यांत २२.२. त्यानंतर वारं फिरलं. इंग्लंडमध्ये आज साधारण तिघींपैकी एकीच्या कळा आणल्या जातात. २०२१ च्या तिथल्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यात तर आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांना सरसकट ३९व्या आठवड्यात हा पर्याय सुचवावा असं होतं. निव्वळ वंशावरून असं कसं ठरवता, असा गदारोळ उठला आणि अंतिम मजकुरातून ते वगळलं गेलं. लंडन-लेस्टरमधल्या मराठी सुनाही त्या वर्गवारीत मोडत होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत २०१८ साली मालिश आणि गरम शेक यांना वेदनेसाठी जागा मिळाली, रिफ्लेक्सॉलॉजीचा वेगळा उल्लेख नाही. भारतात सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षात सोबतीला एक बाई असू द्यावी, हे केंद्रानं २०१६ मध्ये कळवलं. तोवर कळांचं इंजेक्शन घेऊन पडलेल्या बाईची आई किंवा सासू बहुतेक ठिकाणी दाराबाहेर पिशवी धरून बसलेली असायची.