रेडान ते लिडो: संगणकीय गोल्फ मैदानांतल्या ठरावीक होलांची पार्श्वभूमी

संगणकावर गोल्फचे मैदान आखताना जमीन हवी तिथे उचलता येते, हवी तिथे खचवता येते, समुद्र आणून बसवता येतो आणि त्यासाठी ना यंत्राचे भाडे द्यावे लागते ना कोणाची परवानगी घ्यावी लागते. इतकी मोकळीक असूनही हौशी रचनाकारांच्या मैदानांत काही होल (पहिल्या फटक्याच्या जागेपासून, म्हणजे टीपासून, खळगीपर्यंतचा एकेक टप्पा) हमखास पुन्हा पुन्हा भेटतात. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरके उतरणारे ग्रीन (झेंडा आणि खळगी असलेली आखूड गवताची जागा) असलेले रेडान, आडव्या घळीने दुभंगलेल्या लांबलचक ग्रीनचे बियारिट्झ, पाण्याला वळसा घालणारे केप, चारही बाजूंनी पाणी असलेले बेटग्रीन, एका फटक्यात ग्रीन गाठण्याचा मोह घालणारे आखूड पार-४ (चार फटक्यांत संपवणे अपेक्षित असलेला होल) ही त्यांतली ठळक नावे. याला कल्पनेचे दारिद्र्य म्हणणे सोपे असले, तरी या आवडीमागे एक जुनी परंपरा आहे आणि त्या परंपरेतला कोणता होल कोणत्या काळात संगणकावर उतरला, हे बऱ्याच अंशी त्या त्या काळच्या सॉफ्टवेअरला काय जमत होते यावरून ठरले आहे.

परंपरेचा आरंभ चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड या अमेरिकी गृहस्थापासून धरला जातो. त्याचा जन्म १८५५चा. तरुणपणी शिक्षणासाठी तो स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला राहिला आणि तिथे गोल्फ शिकला. पुढे १८९५ मध्ये झालेली पहिली यूएस अ‍ॅमेच्युअर स्पर्धा त्यानेच जिंकली. अमेरिकेत त्या वेळी मैदाने होती, पण त्यांतली बहुतेक त्याला सुमार वाटत. १९०१ मध्ये लंडनच्या एका गोल्फविषयक साप्ताहिकाने ब्रिटनमधले उत्तम होल कोणते यावर जाणकारांची मते मागवली. ती चर्चा वाचून मॅकडोनाल्डच्या मनात आले की, निवडक होलांमागचे तत्त्व उचलून अठराही होल तोलामोलाचे असलेले एक मैदान अमेरिकेत उभारता येईल. त्यासाठी त्याने पुढच्या काही वर्षांत ब्रिटनचे अनेक दौरे केले, होलांची मोजमापे, नकाशे आणि रेखाटने गोळा केली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या साउदॅम्प्टनजवळ ‘नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका’ उभे केले. या मैदानाचे रीतसर उद्घाटन १९११ मध्ये झाले.

मॅकडोनाल्डने हे होल जसेच्या तसे उतरवले नाहीत, आणि पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे. रेडानचेच पाहा. मूळ होल स्कॉटलंडच्या नॉर्थ बर्विक इथल्या वेस्ट लिंक्सवरचा पंधरावा, सुमारे १९० यार्डांचा पार-३. रेडान म्हणजे तटबंदीतून शत्रूच्या दिशेने पुढे काढलेला कोनाकृती भाग. क्रिमियाच्या युद्धात सेव्हस्तपोलच्या वेढ्यात असाच एक रशियन मोर्चा ब्रिटिश सैन्याला फार महागात पडला होता आणि त्याच्याच आठवणीने या होलला हे नाव मिळाले. ग्रीन टीकडे तोंड करून बसलेले नाही. ते उजव्या पुढच्या कोपऱ्यापासून डाव्या मागच्या कोपऱ्याकडे तिरके पसरलेले आहे, त्याचा उतारही त्याच दिशेने पाठमोरा आहे आणि डाव्या अंगाला पुढे खोल बंकर (वाळूचा खड्डा) आहे. झेंडा मागे डावीकडे असला की थेट त्याच्यावर मारलेला चेंडू बंकरवरून जावा लागतो आणि पडल्यावर थांबतोच असे नाही. शहाणा खेळाडू चेंडू ग्रीनच्या उजव्या खांद्यावर, म्हणजे उंच कडेवर, टाकतो आणि उरलेला प्रवास उतारावर सोपवतो. नॉर्थ बर्विकला टीवरून हे ग्रीन नीट दिसत नाही, कारण मध्ये उंचवटा आहे. मॅकडोनाल्डने आपल्या मैदानाच्या चौथ्या होलवर हीच मांडणी केली, पण ग्रीन नजरेसमोर आणले. मूळ होलपेक्षा ही आवृत्ती सरस आहे असे मानणारे पुष्कळ आहेत आणि मला ते पटते, कारण संकट डोळ्यांसमोर असताना घेतलेला निर्णय अधिक रंगतदार असतो.

तत्त्व घ्यायचे आणि जमिनीप्रमाणे त्याला नवा देह द्यायचा, ही रीत एकदा बसल्यावर यादी वाढत गेली. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरील अकराव्या होलवरून ‘ईडन’ आला. त्याचे ग्रीन मागून पुढे इतके तीव्र उतरते की झेंड्याच्या पलीकडे गेलेला चेंडू परत आणताना खेळाडूची परीक्षा होते. १९२१च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत तरुण अमेरिकी खेळाडू बॉबी जोन्सने याच होलवर त्रासून आपली फेरी सोडून दिली होती. त्याच मैदानावरच्या सतराव्यावरून ‘रोड’ आला आणि प्रेस्टविकच्या सतराव्यावरून, टेकडीपलीकडच्या न दिसणाऱ्या ग्रीनकडे मारायला लावणारा ‘आल्प्स’. ‘पंचबोल’ म्हणजे परातीसारख्या खोलगट जागेतले ग्रीन. जुन्या काळी पाणी देण्याची सोय नसताना अशा खळग्यांत ओल टिकून गवत चांगले धरत असे, म्हणून ग्रीन तिथे आले. पुढे ही गरज संपली, पण कडांवरून घरंगळत चेंडू झेंड्याकडे येतो तो आनंद खेळाडूंना सोडवला नाही.

‘केप’ मात्र मॅकडोनाल्डची स्वतःची निर्मिती. नॅशनलवरच्या चौदाव्या होलचे मूळ ग्रीन भूशिरासारखे पाण्यात घुसलेले होते आणि खरा धोका दुसऱ्या फटक्याला होता. नंतर बर्म्युडातल्या मिड ओशन क्लबच्या पाचव्या होलने टीवरून तळ्याचा जितका कोपरा कापाल तितका फायदा, हा हिशेब जगप्रसिद्ध केला. आज संगणकावर केप म्हणून जे काढले जाते ते जवळजवळ नेहमी या दुसऱ्या वळणाचे असते. ग्रीन पाण्यात ढकलण्याचे धाडस फार थोडे जण करतात.

या होलांचा प्रसार मात्र मॅकडोनाल्डपेक्षा सेथ रेनॉरने अधिक केला. रेनॉर साउदॅम्प्टनचा स्थापत्य अभियंता. नॅशनलच्या जागेची मोजणी करण्यासाठी त्याला बोलावले गेले तेव्हा त्याचा गोल्फशी संबंध नव्हता. तरीही १९२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने अमेरिकेत अनेक मैदाने आखली आणि त्या प्रत्येकात हेच ठरावीक होल नव्या क्रमाने, नव्या जमिनीवर बसवले. बियारिट्झचे मूळ फ्रान्समधल्या त्याच नावाच्या गावी, विली डन याने १८८८ मध्ये आखलेल्या मैदानावर सांगितले जाते. तिथे समुद्राच्या खाचेवरून चेंडू मारावा लागे. अमेरिकेत ती खाच ग्रीनच्या पोटात शिरली. येल विद्यापीठाच्या १९२६च्या मैदानावरील नववा होल हे त्याचे सर्वांत भव्य उदाहरण आहे. तळ्यावरून मारायचा लांब पार-३, साठ यार्डांहून अधिक खोल ग्रीन आणि मधोमध माणूस कमरेपर्यंत दिसेनासा व्हावा इतकी मोठी घळ. रेनॉर स्वतः खेळाडू नव्हता, हे संगणकीय रचनाकारांना जवळचे वाटावे असे आहे. त्यांच्यातलेही कित्येक जण प्रत्यक्ष मैदानावर क्वचितच उतरलेले असतात आणि कागदावरच्या समोच्चरेषांमधूनच हा खेळ वाचायला शिकतात.

पुढे महामंदी आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लांबी, मोठी तळी आणि उंच फटके यांना मान देणारी नवी शैली रुजली, तेव्हा हे सगळे जुनाट ठरले. कित्येक क्लबांनी बियारिट्झच्या ग्रीनचा घळीअलीकडचा भाग फेअरवेसारखा (टी आणि ग्रीन यांमधल्या गवतासारखा) वाढू दिला, तर काहींनी बंकर बुजवले. संगणकीय गोल्फ जन्माला आले ते या विस्मरणाच्या काळात.

१९८६ मध्ये अ‍ॅक्सेस सॉफ्टवेअरने ‘लीडर बोर्ड’ हा खेळ आणला. त्याची मैदाने म्हणजे पाण्यात विखुरलेली हिरवी बेटे. झाडे आणि बंकर पुढच्या आवृत्त्यांत आले. त्या वेळच्या घरगुती संगणकाला सपाट निळा पृष्ठभाग रंगवणे सोपे होते आणि चेंडू पाण्यात पडला की नाही हे ठरवणेही. उताराचे गणित मात्र जड होते. योगायोगाने प्रत्यक्षातही तेव्हा बेटग्रीनचा बोलबाला होता, कारण १९८० मध्ये खुल्या झालेल्या फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रासच्या सतराव्या होलवर मैदान-रचनाकार पीट डाय आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस यांनी ते अजरामर करून ठेवले होते. त्यामुळे हौशी मंडळींचा पहिला लाडका होल बेटग्रीन ठरला यात नवल नाही. त्याच १९८६ मध्ये अ‍ॅकोलेडच्या ‘मीन १८’ने खेळाबरोबर मैदान आखण्याचे साधनही दिले आणि १९९० मध्ये गोल्फपटू जॅक निकलसच्या नावाने निघालेल्या खेळात त्याची सुधारित आवृत्ती आली. या साधनांत झाडे, पाणी, बंकर मांडता येत, पण ग्रीनवरची बारीक वळणे हवी तशी घडवणे कठीण होते. रेडान काढला तरी तो तिरक्या बंकरामागचे एक हिरवे पटांगणच राही. चेंडू खांद्यावर पडून वळून येणे हाच ज्याचा प्राण, तो होल अशा ठिकाणी नावापुरताच उरतो.

‘लिंक्स २००१’ या खेळासोबत गोल्फपटू अरनॉल्ड पामर यांच्या नावाचे रचनासाधन आले तेव्हा जमीन खऱ्या अर्थाने त्रिमितीत घडवता येऊ लागली. पुढे कॅनडातल्या एचबी स्टुडिओजच्या ‘द गोल्फ क्लब’ या खेळाने २०१४ पासून हे काम फार सोपे केले. उंचवटे आणि खळगे हाताने ओढून तयार करायचे, ग्रीनचा आकार रेखायचा, लगेच चेंडू मारून पाहायचा आणि मग मैदान जगातल्या सगळ्या खेळाडूंसाठी खुले करायचे. हीच परंपरा नंतर ‘पीजीए टूर २के’ या मालिकेत चालू राहिली. चेंडू जमिनीवरून कसा वाहतो याचे गणित सुधारताच रेडान, बियारिट्झ आणि पंचबोल यांचे दिवस फिरले. त्याच सुमाराला प्रत्यक्ष गोल्फमध्येही जुन्या होलांकडे लक्ष वळले होते. ऑरेगनमधल्या बँडन ड्यून्स इथे टॉम डोक आणि जिम उर्बिना यांनी आखलेले ‘ओल्ड मॅकडोनाल्ड’ २०१० मध्ये खुले झाले आणि नव्या पिढीला हे सगळे साचे, म्हणजे ठरावीक होल, एकाच ठिकाणी पाहायला मिळाले.

दोन्ही प्रवाह एकत्र आले ते लिडोपाशी. मॅकडोनाल्ड आणि रेनॉर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात लाँग आयलंडच्या दलदलीत समुद्रातली वाळू उपसून टाकली आणि शून्यातून लिडोचे मैदान घडवले. इथे जमिनीला स्वतःचा असा चढउतारच नव्हता, त्यामुळे प्रत्येक साचा रचनाकाराच्या मनाप्रमाणे बसवता आला. शेवटच्या होलसाठी १९१४ मध्ये ‘कंट्री लाइफ’ या ब्रिटिश नियतकालिकाने घेतलेल्या रचना-स्पर्धेतले विजेते रेखाटन आधार म्हणून वापरले गेले. ते होते अ‍ॅलिस्टर मॅकेंझी याचे, जो पुढे ऑगस्टा नॅशनल या प्रसिद्ध मैदानाच्या रचनाकारांपैकी एक झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने ही जागा घेतली आणि मैदान नाहीसे झाले. अनेक दशकांनी पीटर फ्लोरी या शिकागोकर हौशी अभ्यासकाने जुनी छायाचित्रे, हवाई दृश्ये आणि वर्णने तपासून ‘द गोल्फ क्लब’मध्ये लिडो होलामागून होल पुन्हा उभे केले. त्याच डिजिटल प्रतिकृतीच्या उंचीविषयक माहितीच्या आधारे, जीपीएसवर चालणाऱ्या यंत्रांच्या मदतीने, विस्कॉन्सिनमधल्या सँड व्हॅली इथे टॉम डोकच्या देखरेखीखाली खरे लिडो बांधले गेले आणि ते २०२३ मध्ये खेळाडूंसाठी खुले झाले.

मला यात सर्वांत बोलके वाटते ते मूळ जागेचे स्वरूप. लिडोची जमीन उपसलेल्या वाळूची होती आणि संगणकातली जमीन आकड्यांची असते. दोन्हींना स्वतःचे म्हणणे नसते, म्हणून दोन्हीकडे साचे निर्धोकपणे उतरतात. जिथे टेकडी, ओढा, जुने झाड आधीपासून असते तिथे रचनाकाराला त्यांच्याशी वाटाघाटी कराव्या लागतात आणि त्यातूनच रेनॉरच्या दोन रेडानांमध्ये फरक पडला. चांगल्या होलांचे प्रकार थोडेच असतात आणि वैविध्य भूभागाकडून मिळते, अशा आशयाचे मॅकडोनाल्डचे प्रतिपादन होते. संगणकावर हा दुसरा अर्धा भाग रचनाकाराला स्वतःच निर्माण करावा लागतो. जे कोऱ्या सपाट पाटीवर थेट रेडान ठेवतात, त्यांचे रेडान एकसारखे दिसतात. जे आधी खडबडीत भूभाग तयार करतात आणि मग त्यात तिरके ग्रीन बसेल अशी जागा शोधतात, त्यांचे काम लक्षात राहते. अलीकडे लायडारने (लेझरने उंची मोजणाऱ्या तंत्राने) मोजलेल्या खऱ्या जमिनीच्या माहितीवर जीएसप्रोसारख्या सिम्युलेटरसाठी (खरा चेंडू मारून पडद्यावर खेळायच्या यंत्रणेसाठी) मैदाने बांधली जातात. त्यामुळे ही अडचण काही प्रमाणात दूर झाली आहे.

तरी एक उणीव उरतेच आणि ती रेडानलाच अधिक भोवते. मूळ होल कडक वाळूमिश्रित जमीन आणि समुद्रावरचा वारा गृहीत धरून जन्माला आला. पडद्यावर चेंडू उंच मारून झेंड्याशेजारी थांबवता येत असेल, तर उजव्या खांद्याकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. म्हणून जाणते रचनाकार खांदा मुळापेक्षा अधिक चढता करतात, ग्रीनची घट्टता वाढवून ठेवतात आणि डाव्या बाजूला चुकलेल्या चेंडूला सहज सुटका मिळणार नाही असे पाहतात. बियारिट्झची अडचण निराळी आहे. घरगुती सिम्युलेटरवर अनेक जण पटिंगचे, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवत नेण्याचे, फटके आपोआप मोजू देतात. घळीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर चेंडू पोचवण्याची कसोटी मग खेळलीच जात नाही आणि एवढ्या मोठ्या ग्रीनचा उपयोग केवळ झेंडा पुढे किंवा मागे लावण्यापुरता राहतो.