घरासाठी स्नो ब्लोअर निवडणं

स्नो ब्लोअर म्हणजे ड्राइव्हवे आणि फुटपाथवरचा बर्फ आत ओढून बाजूला लांब फेकणारं मशीन. क्वेबेकच्या आर्थर सिकार्डने १९२५ मध्ये रस्ते साफ करायला असं मशीन ट्रकवर बसवलं, आणि घरच्यांनी मागून चालवायची छोटी मॉडेल्स आली १९५० च्या दशकात. टोरोंटो, शिकागो, न्यू जर्सीकडे अपार्टमेंट सोडून स्वतःचं घर घेतलेल्या आपल्या लोकांना पहिल्या हिवाळ्यातच याचा विचार करावा लागतो, कारण बऱ्याच गावांत घरासमोरचा फुटपाथ ठरलेल्या तासांत साफ करणं घरमालकाच्याच गळ्यात असतं.

मुख्य प्रकार दोन. सिंगल स्टेजमध्ये पुढचा ऑगर, म्हणजे पाती लावलेला फिरणारा दांडा, हाच बर्फ गोळा करतो आणि तोच फेकतो, मशीन हलकं, रुंदी साधारण १८ ते २२ इंच, सहा-आठ इंचांपर्यंतच्या भुसभुशीत बर्फाला मस्त. पण त्याची रबरी पाती जमिनीला घासत जातात त्यामुळे खडीच्या ड्राइव्हवेवर ते नकोच, दगड उडतात. टू स्टेजमध्ये ऑगर बर्फ फोडून आत देतो आणि मागचा पंखा, म्हणजे इंपेलर, तो नळीतून भिरकावतो. चाकांना इंजिनची ताकद असते, आणि खालच्या स्किड शू, म्हणजे मशीन टेकतं त्या घसरपट्ट्या, ॲडजस्ट करून तोंड जमिनीपासून वर ठेवता येतं, म्हणून खडीवरही चालतं. वजनाला मात्र भारी, गॅरेजमध्ये जागा बघूनच घ्या.

लोक आपल्याकडे वर्षाला किती इंच पडतो ते बघून मशीन ठरवतात, आणि इथेच फसतात. खरी परीक्षा ड्राइव्हवेच्या तोंडाशी असते. रस्त्यावरून प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला ढकलणारा ट्रक, गेला की तो सगळा बर्फ तुमच्या दारात ढकलून जातो, त्यात मीठ, चिखल, बर्फाचे गोळे, सगळं दाबून बसलेलं, आणि दोन तास तसंच राहिलं तर दगडासारखं घट्ट होतं. वरचा ड्राइव्हवे सिंगल स्टेजने दहा मिनिटांत होतो आणि या ढिगाऱ्यापुढे तेच मशीन वर चढून उड्या मारायला लागतं. त्यामुळे प्लाऊ जिथे रोज मोठा ढीग टाकतो तिथे पैसे थोडे जास्त गेले तरी २४ इंची टू स्टेजच घ्यावं, आणि ड्राइव्हवे दोन गाड्यांपुरताच असेल तर त्याहून रुंद घ्यायची गरज नाही.

बॅटरीवाली मशीन्स आता चांगली आलीत, आवाज कमी, पेट्रोलची कटकट नाही, लहान ड्राइव्हवेला पुरतात. फक्त थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती घरात ठेवायची, गॅरेजमध्ये नाही. पेट्रोलवाल्याचं उलट, ते बंद गॅरेजमध्ये कधीच चालू करायचं नाही, कार्बन मोनॉक्साइड साठतो.

दुकानात शिअर पिनबद्दल नक्की विचारा. ऑगरमध्ये वर्तमानपत्राचा गठ्ठा किंवा दगड अडकला की ही मऊ पिन मुद्दाम तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. तिच्या जागी हाताला लागेल तो कडक बोल्ट घातला तर पुढच्या वेळी गिअरबॉक्सच जातो, म्हणून चार-पाच पिना मशीनसोबतच घेऊन ठेवायच्या.

ओल्या बर्फाने नळी तुंबणारच, तेव्हा आत हात अजिबात घालायचा नाही. इंजिन बंद करा, सगळं थांबेपर्यंत थांबा आणि मशीनसोबत येणाऱ्या काठीनेच बर्फ काढा, कारण इंजिन बंद असलं तरी पट्ट्यात ताण शिल्लक राहतो आणि अडकलेला बर्फ सुटल्या क्षणी इंपेलर झटका मारून फिरतो, बोटं जातात ती बहुतेक वेळा अशीच.