उच्चदाब केबलचा खरा कस लागतो टोकाशी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, हजारो खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. तेव्हापासून कोकणात दर वादळानंतर एकच मागणी होते: तारा जमिनीखाली घाला. मागणी अगदी रास्त आहे. पण ती करताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घरातल्या वायरचीच मोठी आवृत्ती असते, म्हणजे मधे तार आणि भोवती जाड प्लास्टिक. पुरलं की काम झालं. ३३ केव्हीच्या, म्हणजे ३३ हजार व्होल्टच्या केबलला हे चित्र लागू पडत नाही, आणि ते का पडत नाही यात विजेचं एक फार सुंदर शास्त्र आहे.

अशी केबल आडवी कापून पाहा. मध्यभागी ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा वाहक. त्यावर काळा, अर्धवाहक थर. मग दुधी रंगाचं एक्सएलपीई, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेलं पॉलिथिन. त्यावर पुन्हा काळा अर्धवाहक थर आणि तांब्याची पट्टी. ही पट्टी जमिनीला जोडलेली, म्हणजे शून्य व्होल्टला. आतला वाहक जमिनीच्या तुलनेत १९ हजार व्होल्टला (३३ हजार हे दोन फेजमधलं व्होल्टेज; त्याला तीनच्या वर्गमुळाने भागा), आणि दोघांच्या मधे एक्सएलपीई किती? ८.८ मिलिमीटर! दर मिलिमीटरला सरासरी दोन हजारांहून अधिक व्होल्ट. कोरडी हवा साधारण तीन हजारांच्या आसपास दम सोडते.

बाहेरची तांब्याची पट्टी हा यातला कळीचा भाग. सगळं विद्युतक्षेत्र ती आतच कोंडून ठेवते. १८९०च्या सुमारास फेरांटी या ब्रिटिश अभियंत्याने लंडनच्या डेप्टफर्ड वीजकेंद्रापासून दहा हजार व्होल्टची केबल टाकली. लोकांची भीती घालवायला त्याचा एक सहकारी छिन्नी नुसत्या हातात धरून उभा राहिला आणि दुसऱ्याने ती हातोड्याने चालू केबलमध्ये ठोकली. माणूस सुखरूप राहिला, कारण बाहेरचा तांब्याचा नळा जमिनीला जोडलेला होता.

आता गंमत टोकाशी. केबल उपकेंद्रात येऊन रोहित्राला किंवा ब्रेकरला जोडायची, तर पट्टी आणि बाहेरचा काळा थर काही अंतर सोलून काढावाच लागतो. नाहीतर १९ हजार व्होल्टचा वाहक आणि शून्य व्होल्टची पट्टी शेजारी शेजारी येतील. पण पट्टी जिथे संपते तिथे काय होतं?

शाळेच्या भूगोलातल्या समोच्च रेषा आठवा, समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या. एक्सएलपीईमध्ये दर हजार व्होल्टला एक रेषा काढली, तर केबलच्या मधल्या भागात या रेषा वाहकाला समांतर, शिस्तीत जातात. पट्टी संपली की त्यांना अडवणारं कुणी नसतं. त्या बाहेर वळतात आणि जवळजवळ सगळ्या पट्टीच्या काठापाशीच गर्दी करून पृष्ठभागावर येतात. नकाशावर रेषा खेटल्या की तिथे कडा असतो. इथेही तसंच, काही मिलिमीटरांत हजारो व्होल्टचा कडा. तिथली हवा तो ताण सोसत नाही. प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला, म्हणजे सेकंदाला निदान शंभर वेळा, बारीक बारीक ठिणग्या पडतात. ओझोनचा उग्र वास येतो, पृष्ठभाग जळत जातो, आणि एक्सएलपीईत झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा शिरतात. ही जखम भरून येत नाही.

उपाय एकच: कड्याचा घाट करायचा. शून्य व्होल्टचा थर काठाशी तोडून टाकण्याऐवजी फनेलसारखा हळूहळू बाहेर उमलत न्यायचा आणि खाली इन्सुलेशन जाड करत जायचं. रेषांना पसरायला जागा मिळते. याला स्ट्रेस कोन, म्हणजे ताण पसरवणारा शंकू म्हणतात. दुसरी रीत मला जास्त आवडते. काठावर एक काळी नळी गरम करून आवळतात. तिचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्रात पदार्थ किती भार साठवू देतो याचं माप) एक्सएलपीईच्या २.३ च्या मानाने कितीतरी मोठा, बऱ्याचदा वीसच्या वर. दोन पदार्थांच्या सीमेवर क्षेत्राचा लंब घटक स्थिरांकाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे आपल्या त्या समान व्होल्टच्या रेषांचं चक्क अपवर्तन होतं. शिवाय पृष्ठभागालगतची धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता वाढते, आणि व्होल्टेज काठावर न साचता नळीच्या लांबीभर वाटलं जातं. हवेचं मात्र उलटं. तिचा स्थिरांक १, म्हणून नळीखाली सपाट पोकळी राहिली तर तिच्यावर शेजारच्या एक्सएलपीईच्या २.३ पट ताण येतो. काठाच्या पायरीवर पिवळट मॅस्टिक, म्हणजे चिकट लांबी भरतात ती त्यासाठीच.

हे सगळं गणित शेवटी जॉइंटरच्या, म्हणजे केबल जोडणाऱ्या कारागिराच्या हातात असतं. काळा थर सोलताना ब्लेड जरा खोल गेलं की एक्सएलपीईवर चर पडतो. त्या चरात हवा राहते. मग पॉलिश पेपरने पृष्ठभाग गुळगुळीत करायचा आणि सॉल्व्हंटच्या फडक्याने पुसायचा, तोही टोकाकडून काळ्या थराकडे, एकाच दिशेने. तेच फडकं उलटं फिरवलं तर काळ्या थराचा कार्बन एक्सएलपीईवर लिंपला जातो. पावसात, रस्त्याकडेच्या खड्ड्यात, ताडपत्रीखाली वाकून हे काम चालतं. त्या माणसाला घाई करायला लावणं म्हणजे पुढचा फॉल्ट आजच पेरणं.

फॉल्ट पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी होऊ लागला की 'ती जागाच वाईट' म्हणत नारळ फोडणारे आणि पॅनलला लिंबू-मिरची बांधणारे अजूनही भेटतात. तिथे जागेचा काही दोष नसतो. खराब झालेला तुकडा कापून नवा बसवला की एका फॉल्टच्या जागी दोन सांधे येतात, आणि प्रत्येक सांध्यात पट्टी पुन्हा कापावी लागते, म्हणजे व्होल्टेजचे तेच कडे पुन्हा. लिंबाचा पैसा सांध्याच्या चांगल्या किटसाठी वापरावा.

हिशेब करून पाहा. ड्रमवर पाचशे मीटर केबल धरली, तर पाच किलोमीटरच्या तीन कोअरच्या (एकाच केबलीत असे तीन वाहक असलेल्या) वाहिनीत नऊ सांधे. प्रत्येक सांध्यात तीन कोअर, प्रत्येक कोअरची पट्टी दोन्हीकडून कापलेली, म्हणजे ५४ काठ. दोन्ही टोकांचे सहा मिळवा: ६०. भूमिगत वाहिनीची निविदा निघेल तेव्हा केबलच्या किलोमीटरांबरोबर हे साठ काठ कोण करणार, त्याचं प्रशिक्षण कुठे झालं आणि वाहिनी चालू करण्याआधी आंशिक विसर्जनाची (पार्शल डिस्चार्जची, म्हणजे त्या बारीक ठिणग्या शोधण्याची) चाचणी होणार का, एवढं गावकऱ्यांनी जरूर विचारावं.