गच्चीवरचा कॅमेरा आणि खोलीतला संगणक

नागपुरात रात्रीच्या आकाशाचा टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ, करायचा, तर कॅमेरा गच्चीवर असतो आणि संगणक खाली खोलीत. मध्यरात्री दोघांमधली यूएसबी जोडणी तुटते आणि सकाळी फोल्डरमध्ये जेमतेम निम्मे फोटो सापडतात. अशा वेळी बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर बदलून पाहतात. शोध मात्र विजेपासून सुरू करावा.

लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचे थेट चित्र, चालू असेल तर डीएसएलआरची बॅटरी रात्रभर टिकत नाही. तिच्या जागी डमी बॅटरी बसवा: आकार बॅटरीचाच, पण आतून अडॅप्टरची तार आलेली. ती आपल्याच मॉडेलसाठीची हवी, आणि अडॅप्टर पुरेशा अँपिअरचा हवा. आरसा उचलताना, शटर उघडताना कॅमेरा क्षणभर जास्त करंट ओढतो. अडॅप्टर कमजोर असेल तर त्याच क्षणी व्होल्टेज खचते, कॅमेरा बंद पडतो, आणि संगणकाला मात्र यूएसबी निघाल्यासारखे दिसते. मेनूमधला ऑटो पॉवर ऑफही बंद करून ठेवा.

आता केबल. यूएसबी २.० मध्ये संगणक उत्तरासाठी ठरावीकच वेळ थांबतो. त्या हिशेबात केबलच्या वाट्याला एका बाजूने २६ नॅनोसेकंद येतात, म्हणजे साधारण ५ मीटर. त्याहून लांब साधी केबल कधी चालते, कधी चालत नाही, आणि असा दोष शोधणे फार अवघड जाते. विजेचाही प्रश्न आहे. २८ गेजच्या, म्हणजे बारीक, तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. ५ मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन १० मीटर तार, म्हणजे २.१ ओहम. ५०० मिलिअँपिअर करंट वाहिला की ५ पैकी १ व्होल्ट वाटेतच जातो. दुसऱ्या टोकाला हब (एका यूएसबीची अनेक सॉकेट करणारी पेटी) किंवा वेबकॅम असेल तर तो अशा विजेवर अडखळतो. सीताबर्डीच्या बाजारात केबल घेताना तिच्यावरचे छापील अक्षर वाचा: २८/२४ असेल तर विजेच्या तारा २४ गेजच्या, जाड असतात, आणि घट ०.४ व्होल्टवर येते. वाटेत हब लागणारच असेल, तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या.

अंतर १०-१५ मीटर असेल, तर यूएसबी लांबवण्याच्या भानगडीत न पडणे उत्तम. कॅमेऱ्याजवळच रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक ठेवा, त्याला १ मीटरची केबल जोडा आणि खालपर्यंत इथरनेट आणा. इथरनेटची केबल १०० मीटर चालते. शिवाय फोटो वरच साठत असल्याने नेटवर्क तुटले तरी शूटिंग थांबत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे एक वेगळेच कारण सापडते: कूलर. पंखा किंवा पंप चालू-बंद होताना लाइनमध्ये क्षणिक धक्का येतो आणि कधी यूएसबी तेवढ्याने निसटते. कूलर आणि कॅमेऱ्याचा अडॅप्टर एकाच बोर्डावर ठेवू नका. केबलच्या कॅमेऱ्याकडच्या टोकाला क्लिपवाला फेराइट (विजेचे असे धक्के अडवणारा चुंबकीय तुकडा) लावा, जमल्यास केबलचा एक वेढा त्यातून घ्या.

पुढे येते संगणकाची झोप. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ डिसेबल करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूणही काढा. लिनक्सवर वेगळी अडचण येते: कॅमेरा जोडताच फाइल मॅनेजर तो स्वतःकडे घेतो आणि कॅमेरा चालवणाऱ्या जीफोटो२ या प्रोग्रॅमला ‘डिव्हाइस क्लेम करता येत नाही’ म्हणून थांबावे लागते. कॅमेरा आधी अनमाउंट केला, म्हणजे फाइल मॅनेजरकडून सोडवला, की काम होते.

प्रत्येक तुटण्याची वेळ नोंदवा. काही न करता ठरावीक मिनिटांनी तुटत असेल तर झोप, शटरबरोबर तुटत असेल तर अडॅप्टर, प्लग हलवताच तुटत असेल तर सैल सॉकेट. मिनी यूएसबीचे सॉकेट केबलच्या वजनाने लवकर ढिले होते, म्हणून केबल ट्रायपॉडच्या पायाला वेल्क्रोने बांधून ताण काढा.

मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपुढे जातो, तर बहुतेक कॅमेऱ्यांची कंपनीने दिलेली मर्यादा ४० अंशांची असते. रास्पबेरी पायचा प्रोसेसर ८० अंशांना पोचला की आपला वेग कमी करतो. कॅमेरा आणि हा छोटा संगणक, दोन्हींना सावली आणि हवा हवी. मान्सूनपूर्व वादळाची चिन्हे दिसताच इथरनेट आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवा. गच्चीवरून खाली येणारी तांब्याची तार विजेच्या लोळाजवळ फार धोक्याची असते. जोडणी कायमची ठेवायची असेल, तर गच्ची आणि खोली यांच्यामधला तुकडा ऑप्टिकल फायबरचा करावा.