रसवंतीचा चरक आणि खाणीचं छत

मे महिन्यात सीताबर्डीवर रसवंतीपुढे उभं राहिलात तर चरकाकडे नीट बघा. बारीक ऊस सरसर आत जातो. जाड पेरं आलं की घुंगरांचा ताल मंदावतो, मोटर कण्हते आणि रसवाला गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच ऊस जरासा मागे ओढतो. त्याला हे कानानं कळतं.

नागपूरजवळ सावनेरला जमिनीखालून कोळसा काढतात. कोळशाचा थर कुठेच एकजिनसी नसतो. मऊ कोळशात मध्येच दगडाचा पट्टा निघतो. जगभरच्या खाणींत कोळसा कापणारं शिअरर नावाचं यंत्र असतं, त्यात रसवाल्याचं काम करंट करतो. त्याच्या फिरत्या ड्रमचे दात दगडाला भिडले की मोटर जास्त करंट खेचते. कंट्रोलर ते टिपतो आणि यंत्राचं पुढे सरकणं हळू करतो. ड्रम मात्र त्याच वेगानं फिरत राहतो, त्यामुळे प्रत्येक दाताच्या वाट्याला पातळ काप येतो आणि भार उतरतो. मग कायमच हळू का चालवू नये? काप पातळ झाला की भुगा वाढतो, आणि कोळशाची धूळ फुप्फुसांना घातक, शिवाय स्फोटक.

मला मात्र याहून आवडतो तो छताचा हायड्रॉलिक टेकू. पूर्वी लाकडी खांब असत. मोडण्याआधी ते करकरत आणि माणसं पळत. या टेकूत द्रव भरलेलं नळकांडं आणि स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, बस. छत दबत आलं, दाब ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला, की व्हॉल्व्ह थोडं द्रव सोडतो. टेकू किंचित खचतो, पण भार सोडत नाही. कुकरच्या शिट्टीचाच भाऊ. वरचा सगळा खडक तोलून धरणं कुणालाच शक्य नाही. त्याला सावकाश उतरू द्यायचं.

गोम त्या ‘सावकाश’मध्येच आहे. आताच्या छत्तीसगडमधल्या चरचा खाणीत कोळशाच्या वर डोलेराइट या टणक खडकाचा जाड थर होता. असा खडक वाकत नाही; बराच काळ अधांतरी तग धरतो आणि एकदम तुटतो. १९९० साली तसंच झालं. व्हॉल्व्हमधून द्रव निघायलाही फुरसत मिळाली नाही, टेकू मोडले. अशा छतांखाली झटक्यात भरपूर द्रव सोडणारे व्हॉल्व्ह लागतात.

आणि खाणीत छतावर लोखंडी सळई ठोकून बघण्याची जुनी रीत आहेच. खणखणीत वाजलं तर ठीक. भद्द वाजलं, तर खडक सुटलाय.