ख्रिस्ताचे स्वर्गारोहण आणि मंडळीचे सुवार्ताकार्य

पुनरुत्थानानंतर चाळीस दिवसांनी येशू ख्रिस्त शिष्यांच्या डोळ्यांदेखत वर घेतला गेला, या ख्रिस्ती श्रद्धेला स्वर्गारोहण म्हणतात. ‘स्वर्गात चढला आणि पित्याच्या उजवीकडे बसला आहे’ हे शब्द रविवारच्या उपासनेत विश्वासांगीकार म्हणताना सगळी मंडळी एका सुरात उच्चारते. सण ईस्टरचा दिवस धरून चाळिसाव्या दिवशी, म्हणजे गुरुवारी येतो. पाश्चात्त्य पंचांगाप्रमाणे तो ३० एप्रिल ते ३ जून यांच्या दरम्यान कधीही पडतो. नाताळ आणि ईस्टर यांच्यापुढे हा सण फिका पडतो, हे बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातही दिसते. मात्र मंडळीने, म्हणजे चर्चने, जगात कशासाठी आणि कोणाच्या अधिकाराने जायचे, या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती धर्मशास्त्राने प्रामुख्याने याच घटनेत शोधले आहे.

प्रसंगाचे सविस्तर वर्णन चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या लूकने केले आहे, आणि तेही दोनदा. शुभवर्तमानाच्या शेवटी तो बेथानीजवळ हात उंचावून आशीर्वाद देणारा ख्रिस्त दाखवतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या त्याच्याच दुसऱ्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात जैतुनांचा डोंगर, दृष्टीआड करणारा ढग आणि शुभ्र वस्त्रे घातलेले दोन पुरुष येतात. मार्कच्या शेवटच्या अध्यायातील उल्लेख (१६:१९) सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. मत्तय स्वर्गारोहण सांगतच नाही. तो गालीलातील डोंगरावर थांबतो आणि ‘सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ ही आज्ञा देऊन ग्रंथ संपवतो. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित ख्रिस्त मरिया मग्दालियेला ‘मी पित्याकडे वर जातो’ असे सांगतो, आणि त्याआधी शिष्यांना बजावतो की मी गेलो नाही तर कैवारी, म्हणजे पवित्र आत्मा, तुमच्याकडे येणार नाही.

लूकच्या कथेतला एक प्रश्न वाचक बहुधा घाईने ओलांडतो. निरोपाच्या क्षणी शिष्य विचारतात : प्रभू, इस्राएलाचे राज्य तू याच काळात पुन्हा स्थापणार आहेस काय? प्रश्न सरळ सरळ भूमीचा आणि सत्तेचा आहे. रोमचा अंमल कधी उठणार, आपला मुलूख आपल्याला कधी मिळणार, असे ते विचारतात. ख्रिस्त त्यांना काळवेळ सांगत नाही आणि प्रश्न मूर्खपणाचा आहे असेही म्हणत नाही. तो एक यादी देतो : यरुशलेम, यहूदीया, शोमरोन आणि पृथ्वीचा शेवट. इथे तुम्ही माझे साक्षी व्हाल, असे म्हणून तो वर घेतला जातो. या यादीतील शोमरोन हा यहूद्यांचा शेजारी मुलूख होता. देव एकच, पूर्वजही बरेचसे तेच, पण देऊळ वेगळे, डोंगर वेगळा आणि पाण्याच्या घोटापर्यंत पोचलेले वैर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलेल्या आणि सीमाप्रश्नावरील महाजन आयोगानंतरही वाद न मिटलेल्या बेळगावात हा उतारा वाचला की ‘राज्य कोणाचे?’ हा प्रश्न कोणाला परका वाटत नाही. उत्तरात मात्र सीमा कुठे आखायची हे सांगितलेले नाही, सीमेपलीकडे कोणत्या नात्याने जायचे तेवढे सांगितले आहे. प्रस्तुत नोंदीच्या मते सुवार्ताकार्याच्या, म्हणजे ख्रिस्ताची शुभवार्ता सांगण्याच्या, दृष्टीने स्वर्गारोहणाचे मर्म या प्रश्नोत्तरात आहे. ढग हा त्याचा देखावा.

आद्य मंडळीने या घटनेकडे राज्यारोहण म्हणून पाहिले. ११० व्या स्तोत्रातील ‘माझ्या उजवीकडे बस’ हे वचन नव्या करारात पुन्हा पुन्हा येते. दानीएलाच्या दृष्टान्तात मनुष्यपुत्रासारखा कोणी मेघांसह पुराणपुरुषाजवळ जातो आणि त्याला प्रभुत्व मिळते. तेही चित्र पाठीमागे आहे. पेत्र पन्नासाव्या दिवशीच्या (पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या) भाषणात म्हणतो की उजवीकडे बसवलेल्या येशूनेच आत्मा ओतला आहे. दगडमार सोसणाऱ्या स्तेफनाला तो बसलेला नव्हे, उभा असलेला दिसतो. इफिसकरांस पत्र (४:८–१२) ६८ वे स्तोत्र उद्धृत करून सांगते की वर चढलेल्या ख्रिस्ताने माणसांना देणग्या दिल्या आणि त्या देणग्या म्हणजे प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक होत. म्हणजे सुवार्तिक हा मंडळीने नेमलेला प्रचारक ठरण्याआधी स्वर्गारोहित प्रभूने दिलेले दान ठरतो. इब्री लोकांस पत्रात तोच प्रभू महायाजक आहे आणि लोकांसाठी सतत मध्यस्थी करतो. जुन्या करारातील एलीया वावटळीतून वर जाताना झगा खाली पडतो आणि अलीशा तो उचलतो. लूकसमोर ही कथा असणार असे बरेच अभ्यासक मानतात.

मराठी वाचकाला इथे तुकाराम महाराजांचे सदेह वैकुंठगमन आठवते, आणि आठवणे साहजिकच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. साम्य देहासह जाण्यापुरते आहे. तुकोबा भक्त म्हणून आपल्या देवाकडे गेले, आणि तुकारामबीजेला देहूत स्मरण होते ते त्या भक्तीच्या परिपूर्तीचे. ख्रिस्ती श्रद्धेत जाणारा स्वतः प्रभू आहे आणि त्याच्या जाण्याने मागे राहिलेल्यांचे काम सुरू होते. पांढऱ्या वस्त्रांतले पुरुष शिष्यांना आकाशाकडे बघत उभे राहिल्याबद्दल हटकतात, ते त्यामुळेच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणातही ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र जन्मापासून स्वर्गारोहणापर्यंत नेले आहे. ज्ञानेश्वरीच्या वळणाच्या मराठीत ही कथा चारशे वर्षांपूर्वीच उतरली होती, हे सीमाभागातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांनाही ठाऊक नसते.

वर गेलेले शरीर नेमके कुठे आहे, यावर धर्मसुधारणेच्या काळात कडाक्याचा वाद झाला. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे धर्मसुधारक ल्यूथर आणि झ्विंगली प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारसाच्या विधीच्या) प्रश्नावर वेगळे झाले, त्यामागे हेच कोडे होते. ख्रिस्ताचे शरीर स्वर्गात असेल तर भाकरीत कसे, असे झ्विंगलीचे म्हणणे. देवाचा उजवा हात सर्वत्र आहे, असे ल्यूथरचे. कॅल्विनने तोड काढली की शरीर खाली येत नाही, आत्मा आपल्याला वर नेतो. त्याच्याही फार पूर्वी, पाचव्या शतकात, पोप लिओ यांनी म्हटले होते की तारणाऱ्याचे जे डोळ्यांना दिसत होते ते आता संस्कारांत आले आहे. विसाव्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ बुल्टमान यांनी वर स्वर्ग, खाली पाताळ ही तीन मजली विश्वरचना आधुनिक माणसाला मानता येणार नाही असे मांडले. बहुतेक मंडळ्या आता ‘वर’ हा शब्द दिशा म्हणून न घेता अधिकार म्हणून घेतात.

जैतुनांच्या डोंगरावर आज छोटी अष्टकोनी वास्तू आहे. क्रुसेडरांच्या काळात तिला छप्पर नव्हते, वर मोकळे आकाश होते. घुमट नंतर मुस्लिम अमलात चढवला गेला. आत फरशीच्या चौकटीत एक शिळा आहे. तिच्यावरचा पावलाचा ठसा ख्रिस्ताचा मानतात. वास्तू इस्लामी वक्फच्या ताब्यात असून सणाच्या दिवशी ख्रिस्ती पंथांना तेथे उपासना करू दिली जाते. कुराणातही (४:१५८) अल्लाहने ईसाला आपल्याकडे उचलून घेतल्याचा उल्लेख आहे. क्रूसावरील मृत्यू मात्र इस्लामला मान्य नाही.

सुवार्ताकार्यासाठी या सिद्धान्तातून काय निघते? मत्तयाच्या शेवटच्या ओळींचा क्रम पाहावा. आधी ‘सर्व अधिकार मला दिला आहे’ आणि मग ‘म्हणून जा’. अधिकार पाठवणाऱ्याचा आहे, जाणाऱ्याचा नाही. जाणाऱ्याला साक्षीदार म्हटले आहे, आणि साक्षीदाराने पाहिले ते सांगायचे असते, निकाल द्यायचा नसतो. दुसरे असे की राजा स्वर्गात आहे, म्हणून पृथ्वीवरील कोणतीही मंडळी, मठ वा सरकार स्वतःला त्याचे सिंहासन म्हणवू शकत नाही. शिष्यांना लगेच धावत सुटायलाही सांगितलेले नाही. यरुशलेमेत थांबा अशी आज्ञा होती, आणि सुमारे १२० माणसे माडीवरच्या खोलीत प्रार्थना करत बसली. स्वर्गारोहण ते पन्नासावा दिवस यांमधील नऊ दिवसांच्या प्रार्थनेची प्रथा यातूनच आली. शेवटी, देहासह वर जाण्याचा अर्थ मानवी देहाला देवाजवळ स्थान मिळाले असा होतो. त्यामुळे औषधोपचार आणि शिक्षण हे सुवार्तेचे आमिष नसून तिचाच भाग आहेत, असा युक्तिवाद करता येतो. अथणी, रायबाग, चिकोडीकडचे रुग्ण ज्या मिरजेला जात आले, तिथे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले.

‘जा आणि शिष्य करा’ ही आज्ञा फक्त मूळ प्रेषितांपुरती होती असे मानणारा मोठा वर्ग प्रॉटेस्टंट युरोपात होता. १७९२ मध्ये विल्यम केरी यांनी पुस्तिका लिहून तो समज खोडला. त्याच केरींनी बंगालमधील श्रीरामपूर येथून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. मात्र आज्ञेच्या या पुनरुज्जीवनाला साम्राज्याची संगत मिळाली, आणि ती बेळगावात लपत नाही. १८१८ मध्ये ब्रिटिश सेनानी मन्रोच्या सैन्याने बेळगावचा किल्ला घेतला. दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेल्लारीहून इथे आले, तेही लष्करी अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून. ‘सर्व अधिकार’ कोणाचा, याबद्दल पाहणाऱ्यांचा घोटाळा झाला असेल तर दोष त्यांचा नव्हे. पुढे विल्यम बेनन यांनी इथे प्रदीर्घ काळ काम केले. बेननस्मिथ हायस्कूलच्या नावात त्यांची आठवण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे केंद्र अमेरिकन मेथडिस्टांकडे गेले आणि खेड्यापाड्यांत, मुख्यतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांत, मंडळ्या उभ्या राहिल्या. छावणीतल्या गोऱ्या साहेबापेक्षा या लोकांना सिंहासनावरचा, पण खिळ्यांचे वण असलेला प्रभू जवळचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

कॅथलिक परंपरेची वाट वेगळी आहे. गोव्याहून घाट चढून आलेली कोकणीभाषक कुटुंबे खानापूर आणि बेळगाव परिसरात आधीपासून होती. सेंट पॉल हायस्कूल १८५६ चे. बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. कॅम्पातील फातिमा कॅथेड्रल हे त्याचे मुख्य मंदिर. कोकणी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चारही भाषा धर्मप्रांतात चालतात. कोणत्या भाषेतली मिस्सा किती वाजता ठेवायची, ही इथे केवळ सोयीची बाब नसते. बैलहोंगल तालुक्यातील देशनूर येथे जेझुइट संन्याशांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. भगवी वस्त्रे, शाकाहार आणि लिंगायत विरक्त मठाच्या धर्तीवरचे उपासनास्थान त्यांनी स्वीकारले. हे खरे रुजणे की वेशांतर, यावर ख्रिस्ती आणि हिंदू दोन्हीकडे मतभेद आहेत. ‘पृथ्वीच्या शेवटापर्यंत’ जाणाऱ्याने तिथल्या भाषेत आणि तिथल्या पोशाखात राहावे, ही भूमिका मात्र प्रेषितांच्या कृत्यांतील दुसऱ्या अध्यायाशी सुसंगत आहे. तिथे प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली.

साक्ष देणे आणि धर्मांतर घडवणे यांतील सीमारेषेचा प्रश्न न्यायालयातही गेला. राज्यघटनेचे २५ वे कलम धर्माचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य देते. परंतु दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले. कर्नाटकाचे धर्मांतरविरोधी विधेयक २३ डिसेंबर २०२१ रोजी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरलेल्या अधिवेशनातच विधानसभेने संमत केले. धर्मांतरापूर्वी तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची अट त्यात होती. विधान परिषदेने सप्टेंबर २०२२ मध्ये त्यावर मोहोर उमटवली आणि जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने कायदा मागे घेण्याचे ठरवले. धर्मशास्त्राच्या बाजूने पाहता मनपरिवर्तन हे आत्म्याचे काम आहे आणि मंडळीकडे साक्षच आहे. आकडे मिरवणारे सुवार्तिक ही मर्यादा विसरतात, आणि प्रत्येक प्रार्थनासभेत कारस्थान पाहणारेही.

सणाचा आचार पंथागणिक बदलतो. पूर्वी कॅथलिक उपासनेत ईस्टरला पेटवलेली पास्काची मेणबत्ती या दिवशी शुभवर्तमानाच्या वाचनानंतर विझवत. १९६९ नंतरच्या विधीत ती पन्नासाव्या दिवसापर्यंत जळते, कारण ख्रिस्त निघून गेला असा चुकीचा अर्थ निघू नये. अनेक देशांत आता सण पुढच्या रविवारी धरतात. गुरुवार पाळणाऱ्यांपुढे सीमाभागात सण मेअखेरीस आला की हंगामाची अडचण असते. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम पट्ट्यात रोहिणी नक्षत्र लागले की धुळीतच कुरीने भाताचा पेरा होतो. पावसाळा लागून रानात चिखल होण्याआधी तो उरकायचा असल्याने अर्धी मंडळी बांधावर असते. नव्या स्वतंत्र पेन्टेकॉस्टल मंडळ्यांत बहुधा हा दिवस वेगळा पाळत नाहीत. त्यांचा भर आत्म्याच्या वर्षावावर आहे, आणि तो वर्षाव करणारा कोण व कुठे बसला आहे याचा खुलासा त्यांच्या प्रवचनांतून क्वचितच होतो.