जुन्या रिमोट बगी गाड्यांची लोकप्रियता आणि हाताळणी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुनी बगी विकत घ्यायला किंवा घरात वर्षानुवर्षे माळ्यावर पडून असलेली गाडी पुन्हा चालू करून घ्यायला धरमपेठेतील आमच्या दुकानात येणारे ग्राहक बहुधा ‘सर्वांत चांगली गाडी कोणती’ एवढेच विचारतात. संग्राहक ज्या गाडीमागे धावतात ती गाडी मैदानावर नीट वळतेच असे नाही, आणि नीट वळणाऱ्या गाडीचे नाव अनेकांनी ऐकलेलेही नसते. 1979 ते 1990 या काळातील खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या, विजेवर चालणाऱ्या बगींच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. नागपूरच्या मुरमावर आणि काळ्या मातीवर तर तो पहिल्याच फेरीत दिसतो. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी ग्राहकांनी हे पत्रक वाचावे, अशी आमची विनंती आहे.

सर्वाधिक मागणी तामिया या जपानी कंपनीच्या हॉर्नेट आणि ग्रासहॉपर या दोन गाड्यांना असते. दोन्ही 1984 साली बाजारात आल्या. किंमत आवाक्यातली, जोडणी सोपी आणि टबासारखी जाड प्लास्टिकची चासी सहजासहजी न तुटणारी असल्यामुळे जगभरातील असंख्य मुलांची पहिली बगी यांपैकीच एक होती. तीच मुले आता मिळवती झाली असून तीच गाडी पुन्हा शोधत आहेत. या लोकप्रियतेचा हाताळणीशी फारसा संबंध नाही. दोन्ही गाड्यांच्या मागच्या बाजूला गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल मिळून एकच ताठ भाग असतो. त्यामुळे उजवे चाक दगडावर चढले की सगळा गिअरबॉक्स तिरपा होतो आणि डाव्या चाकाची पकडही जाते. 540 आकाराची मोटर असलेली हॉर्नेट खडबडीत जमिनीवर उड्या मारत जाते, ती याच कारणाने. ग्रासहॉपरला मुळात लहान 380 मोटर होती. वेग कमी असल्यामुळे तिच्यात हा दोष तितका जाणवत नाही, आणि लहान मुलासाठी आम्ही तीच सुचवतो.

तामियाचीच 1983 ची फ्रॉग ही आमच्या मते या घराण्यातली सर्वांत अन्याय झालेली गाडी आहे. तिची मागची दोन्ही चाके स्वतंत्र हातांवर वरखाली होतात, त्यामुळे हॉर्नेट जिथे उसळते तिथे फ्रॉग जमिनीला धरून जाते आणि चालवणाऱ्याला वळणात पुरेसा वेळ मिळतो. मात्र तिच्या मागच्या ड्राइव्ह शाफ्टची (चाकांपर्यंत शक्ती पोहोचवणाऱ्या दांड्यांची) षट्कोनी टोके झिजतात. झिजलेली टोके घेऊन जोरात मोटर दिली तर शाफ्ट निसटतो. जुनी फ्रॉग घेताना मागचे चाक हाताने मागेपुढे हलवून किती ढिलेपणा आहे तो पाहावा आणि किंमत त्यानंतरच ठरवावी.

निव्वळ हाताळणी पाहायची तर मोटरची शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना मिळणाऱ्या गाड्यांत टीम असोसिएटेड या अमेरिकन कंपनीच्या आरसी 10 ला पर्याय नाही. 1984 साली आलेल्या या गाडीला सोनेरी मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची चासी, लांब हातांचे सस्पेन्शन आणि चारही चाकांना तेलाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या अशा बगींच्या पहिल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दोन चाकांच्या गटाचे विजेतेपद तिनेच मिळवले. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये हाच मान क्योशो या जपानी कंपनीच्या अल्टिमाला मिळाला. या गाड्यांची मोटर मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असते. गालिचा अंथरलेल्या मैदानांवरील आजच्या शर्यतींत ती रचना मागे पडली आहे, पण सुट्या मुरमावर मागच्या चाकांवर पडणारे ते वजनच पकड देते. हा गुण आपल्याकडच्या मैदानांना अगदी योग्य आहे. एक पथ्य मात्र पाळावे लागते. ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागत असल्यामुळे वळणाच्या मध्यावर ब्रेक दिला तर गाडी गर्रकन फिरते. वेग वळणाआधीच कमी करावा.

चारही चाकांना मोटरची शक्ती मिळणाऱ्या गाड्यांपैकी तामियाची 1985 ची हॉटशॉट नावाजलेली आहे आणि दिसायलाही देखणी आहे. पुढे एक आणि मागे एक असे दोनच शॉक अ‍ॅब्सॉर्बर असल्यामुळे डाव्या-उजव्या चाकांच्या हालचालीवर तिला वेगवेगळे नियंत्रण ठेवता येत नाही. त्याच वर्षीची क्योशोची ऑप्टिमा याबाबतीत स्पष्टपणे सरस आहे, परंतु तिची शक्ती साखळीने पुढे जाते आणि त्या साखळीत बारीक खडे शिरतात. ऑप्टिमा असलेल्या ग्राहकांनी प्रत्येक वेळी चालवून झाल्यावर साखळी ब्रशने साफ करावी. तामियाची 1988 ची अवांते संग्राहकांच्या गळ्यातील ताईत असली तरी ती जड आणि गुंतागुंतीची आहे. ती कपाटात ठेवण्यासाठी घ्यावी, असेच आम्ही सांगतो.

तामियाची 1979 ची सँड स्कॉर्चर वेगळ्याच कारणासाठी प्रिय आहे. तिचे धातूचे सस्पेन्शन खऱ्या फोक्सवॅगन बीटलच्या धर्तीवर बनवलेले असून रिसीव्हर (रिमोटचा संकेत घेणारा भाग) व सर्व्हो (चाके वळवणारी लहान मोटर) पाणीरोधक डब्यात बंद असतात. वजन मागे असल्यामुळे तिचे पुढचे टायर वळताना घसरतात आणि ती रुंद वळण घेते. सावकाश चालवणाऱ्याला तिच्याइतका आनंद दुसरी गाडी देत नाही.

नागपुरातील ऋतूंचा विचार वेगळा करावा लागतो. पावसाळ्यात काळी माती चाकांना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि त्या ओझ्याने मोटर तापते. त्या दिवसांत मुरमाची जागाच निवडावी. उन्हाळ्यात त्याच मातीला पडलेल्या भेगांत पुढचे अरुंद टायर अडकतात आणि स्टीअरिंगचे सांधे तुटतात. पारा 45 अंशांपर्यंत जातो तेव्हा शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधील तेल पातळ होते, म्हणून मे महिन्यात एक पायरी घट्ट तेल भरावे, गाडी सकाळी किंवा संध्याकाळीच चालवावी आणि उन्हात उभ्या केलेल्या आपल्या चारचाकी वाहनात ती कधीही ठेवू नये. धुळीसाठी एक सुधारणा आम्ही प्रत्येकाला सुचवतो : मूळ किटमधील प्लास्टिकचे बुश (अ‍ॅक्सल ज्यांत फिरतो ती कडी) काढून दोन्ही बाजूंनी बंद असलेली बॉल बेअरिंग बसवावीत. खर्चाच्या मानाने गाडीच्या चालीत पडणारा इतका फरक दुसऱ्या कोणत्याही बदलाने पडत नाही.

मूळ गाडी घ्यावी की कंपनीने नंतर पुन्हा काढलेली, हेही ग्राहक विचारतात. हॉर्नेट 2004 मध्ये, हॉटशॉट 2007 मध्ये, सँड स्कॉर्चर 2010 मध्ये, ‘आरसी 10’ ही 2013 मध्ये आणि ऑप्टिमा 2016 मध्ये पुन्हा निघाली. चालवायची असेल तर निःसंशय पुन्हा काढलेलीच घ्यावी, कारण चाळीस वर्षांपूर्वीचे प्लास्टिक ठिसूळ झालेले असते आणि टायरांना तडे गेलेले असतात. मूळ गाडीत लिथियम पॉलिमर बॅटरी वापरायची असल्यास दोन सेलचीच वापरावी. जुना तीन टप्प्यांचा यांत्रिक स्पीड कंट्रोलर काढून कमी व्होल्टेजला आपोआप थांबणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आधी बसवावा, अन्यथा बॅटरी मर्यादेपलीकडे उतरून कायमची निकामी होते.

जुनी गाडी तपासणीसाठी आणताना तिचा रिमोट, चार्जर आणि सुटे झालेले लहानसहान भाग सोबत आणावेत, मोडलेला तुकडाही टाकून देऊ नये. बॅटरी मात्र गाडीपासून वेगळी काढून आणावी, आणि ती फुगलेली दिसत असेल तर चार्जरला न लावता तशीच आमच्याकडे द्यावी.